खाडी संपते तिथले पूल

आमच्या निरवांगीच्या बाजूला नदी ओलांडायची ती बहुतेक बंधाऱ्यावरून. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सोलापूर आणि मधून नीरा. पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी ढापे पडतात, पाणी तुंबतं आणि वरच्या अरुंद वाटेनं मोटारसायकली या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जातात. पाणी अडवणं हे खरं काम, माणसं पलीकडे पोचवणं हे जोडकाम. थोरली माणसं सांगतात, पूर्वी पूर आला की गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडायचे. पुलाचं अप्रूप आमच्याकडे आषाढात. माउलींची पालखी नीरा गावाजवळ नदी ओलांडते, पादुकांना दत्त घाटावर स्नान घडतं. तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातल्या सराटीला नीरेकाठी येते आणि पलीकडे अकलूजला जाते. एरवी नदीकडे बघायचं ते उसाला किती पाणी मिळेल एवढ्याच हिशेबानं.

मुंबई-गोवा महामार्गावरचे जुने पूल बघायचं मनात घेतलं तेव्हा मुंबईकडून जाण्याऐवजी नीरेच्या काठाकाठानं वर जायचं ठरवलं. बारामती, नीरा, लोणंद, शिरवळ, भोर. या वाटेवर नीरेची एकेक धरणं लागतात. शिरवळजवळ वीर, भोरच्या वर नीरा देवघर आणि नीरेला मिळणाऱ्या वेळवंडीवर भाटघर. भाटघरचं आजचं दगडी धरण १९२८ सालचं. गव्हर्नर लॉइडच्या नावाचं. बारामती-इंदापूरच्या उसामागं या धरणाचं पाणी आणि नीरेचा डावा कालवा आहे. १९२८ हा आकडा लक्षात ठेवा, घाट उतरला की तो पुन्हा भेटणार आहे.

देवघरचा जलाशय उजवीकडे-डावीकडे करत रस्ता शिरगावला पोचतो. नीरेचा उगम इथला. नीरा नृसिंहपूरला भीमेला मिळणारी, वारकऱ्यांचे पाय धुणारी, आमच्या दोन्ही काठांवर साखर कारखाने पोसणारी नदी इथं एवढीशी आहे की पाय लांब टाकला तर पलीकडे. तिथून जरा पुढं गेलं की वरंधा घाट सुरू होतो आणि डोंगर एकदम तुटतो. कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जातो. पलीकडे पडलेला शंभरेक किलोमीटरच्या आत अरबी समुद्रात. कोकणातल्या पुलांची सगळी कथा या एका उतारात आहे. आमची नदी शेकडो किलोमीटर रमतगमत जाते. कोकणातल्या नदीला तेवढा वेळ नसतो. सह्याद्रीवर धो धो कोसळलेलं पाणी काही तासांत तिच्या पुलाखाली येतं.

घाटात एका वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला. दिवाळीनंतर आमच्या भागातले, फलटण-बारामतीकडचे मेंढके कोकणात उतरतात. भात कापल्यावर रिकाम्या झालेल्या खाचरांत मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. घोड्यावर बिऱ्हाड, वर बांधलेल्या कोंबड्या आणि एक पोर.

"कुठलं गाव पावणं?"

"निरवांगी."

"मंग आपलीच की माणसं. खाली कशापायी?"

पूल बघायला, असं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग सांगितलं की मेंढरं पुलाला बिचकतात. कठड्याच्या फटीतून खाली पाणी दिसलं की पुढची थांबते आणि मागची सगळी अडते. म्हणून हायवेचा पूल ओलांडायचा तो तांबडं फुटायच्या आत, ट्रक कमी असताना, आणि माणसाळलेला एक बकरा पुढं धरून. "बकरा गेला की झालं. मेंढरू बघत नाही मग खाली."

घाट उतरताना कावळ्या किल्ला, खाली शिवथरघळीचा फाटा. हा रस्ता पावसाळ्यात दरडींमुळे बंद असतो, आणि याच महाड तालुक्यात २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर डोंगर आला होता. बिरवाडी मागं टाकली की राजेवाडी फाट्याला रस्ता महामार्गाला मिळतो. सावित्रीचा पूल इथंच.

आता इथं रुंद, नवा पूल आहे. वाहनं जोरात जातात आणि क्वचितच कुणी वेग कमी करतं. याच जागी १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. शेजारी पुढं एक नवा पूल झाला, तरी गोव्याकडून मुंबईला जाणारी वाहनं जुन्यावरूनच जात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरच्या पावसानं सावित्री फुगली आणि जुना पूल कोसळला. अंधारात हे लगेच कुणाला कळलं नाही. जयगडहून मुंबईला निघालेली आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेली अशा दोन एसट्या आणि काही मोटारी प्रवाहात गेल्या. गाड्या शोधायला क्रेनला भलंमोठं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं होतं. काही मृतदेह वाहत थेट समुद्रकिनाऱ्याला लागले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नसल्याचा निर्वाळा मिळालेला होता. नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला खुला झाला. सहा महिन्यांत पूल होऊ शकतो हे त्या दिवशी कोकणाला कळलं. त्याच महामार्गाचं चौपदरीकरण दशकभराहून जास्त काळ का चाललं, हे ज्याला त्याला विचारावंसं वाटतं.

फाट्यावरच्या टपरीत चहा पिताना एक गोष्ट ऐकायला मिळाली, आणि पुढं जवळजवळ प्रत्येक जुन्या पुलापाशी तीच मिळाली. "विलायतेहून पत्र आलं होतं. पुलाची मुदत संपली म्हणून कंपनीनं कळवलेलं." असं पत्र स्वतः पाहिलेला माणूस मला भेटला नाही. लोकांनी ही गोष्ट का धरून ठेवली असावी याचा मात्र अंदाज येतो. बांधणारा साता समुद्रापारहून काळजी करतो आणि वापरणारा इथं बसून करत नाही, हा टोमणा त्या पत्रात बसवलेला आहे.

दगडी कमान ही तशी चिवट गोष्ट. वरून जितका भार येईल तितके दगड एकमेकांना घट्ट दाबून धरतात. शंभर वर्षांपूर्वी ज्या पुलावरून बैलगाड्या आणि हलक्या मोटारी गेल्या, त्यावरून पुढं भरलेले टँकर गेले तरी कमानी तक्रार करत नाहीत. मार बसतो तो खाली. पुराचं पाणी खांबापाशी अडखळतं, भोवरा करतं आणि पायाशेजारची वाळू-माती उपसून नेतं. हे काम गढूळ पाण्याखाली चालतं. वरच्या रस्त्यावर तडाही दिसत नाही. दुसरा शत्रू पिंपळ. दगडांच्या सांध्यात पक्ष्यानं टाकलेलं बी रुजतं, चुन्याच्या दर्जा फोडत मूळ आत जातं. पुढं जगबुडी नदीपासून राजापूरपर्यंत ज्या ज्या जुन्या बांधकामाशी उतरलो तिथं कठड्याखाली हिरवं पान दिसलंच.

महाडात शिरलो ते चवदार तळ्यासाठी, पण पुलांच्या गोष्टीतला एक हरवलेला दुवा तिथंच सापडला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथं पाणी घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात, मनुस्मृती जिथं जाळली गेली त्या परिषदेसाठी ते मुंबईहून निघाले तेव्हा धरमतरचे मोटारवाले आयत्या वेळी गाड्या नाकारतील अशी शंका होती. म्हणून दोनशेहून अधिक मंडळींसह ते 'पद्मावती' बोटीनं समुद्रमार्गे आले आणि सावित्रीच्या खाडीत दासगाव बंदराला उतरले. तिथून महाड पाच मैल. सावित्रीवरचा पूल व्हायला तेव्हा जेमतेम वर्ष राहिलं होतं.

म्हणजे १९२७ साली महाड हे बोटीनंही जाता येईल असं गाव होतं. आज नकाशा बघताना महाड समुद्रापासून कितीतरी आत दिसतं, पण भरतीचं पाणी बाणकोटच्या खाडीतून वर चढत थेट महाडच्या आसपास येतं. त्या भरतीवर गलबतं येत. बैलांचे तांडे घाटावरून माल घेऊन उतरत, मीठ-मासळी-नारळ घेऊन वर जात. एकदा हे ध्यानात आलं की पुढच्या रस्त्याचं कोडं सुटत जातं. चिपळूण वाशिष्ठीच्या खाडीच्या टोकाला, मागं कुंभार्ली घाट. राजापूर अर्जुनेच्या खाडीच्या टोकाला, मागं अणुस्कुरा. खारेपाटण विजयदुर्गच्या खाडीच्या टोकाला, मागं बावडा आणि फोंडा. महामार्ग समुद्रकिनाऱ्यानं जात नाही, तो या खाडीच्या टोकांना एका दोऱ्यात ओवत जातो. खालच्या अंगाला खाडी इतकी रुंद की तिथं पूल परवडत नव्हता. वरच्या अंगाला डोंगर. नदी अरुंद होते आणि खारं पाणी थांबतं तिथंच, किंवा त्याच्या थोडं वर, पूल बांधणं शक्य होतं. जिथं बंदर होतं तिथं पूल आला, आणि पूल आल्यावर बंदर गेलं.

या जागेत एक धोकाही आहे. वरून डोंगराचा पूर येतो, खालून भरती येते. दोन्ही एका वेळी आले तर पाण्याला जायला जागा उरत नाही.

पोलादपूर मागं पडलं, कशेडीचा जुना वळणावळणांचा घाट आता बोगद्यातून पार होतो. खेडजवळ भरणे नाक्याशी जगबुडी. ही नदी नावानंच घाबरवते. इथला ब्रिटिश अमदानीतला पूल अरुंद, आणि त्याला मिळणारा रस्ता वळणाचा. १९ मार्च २०१३ ला पहाटे गोव्याहून मुंबईला जाणारी एक आरामबस कठडा तोडून खाली गेली आणि ३७ जण दगावले. पाऊस नव्हता, पूर नव्हता. पूल शाबूत होता. ज्या काळात तो बांधला त्या काळात समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबायची रीत होती. रात्रभर शंभरच्या वेगानं धावणारी बस त्याच्या हिशेबात नव्हती. शेजारी आता नवा रुंद पूल आहे. जुन्याच्या तोंडाशी उभं राहिलं तर त्या कठड्याची उंची माझ्या मांडीएवढी भरली.

परशुराम घाट उतरून चिपळूण. बहादूरशेख नाक्याशी वाशिष्ठी ओलांडायची. मला इथं सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं, कारण या नदीत आमचं पाणी आहे. कोयना खरं तर कृष्णेची उपनदी, तिचं पाणी पूर्वेला जायचं. वीज करण्यासाठी ते सह्याद्रीतल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळी-अलोऱ्याकडे सोडलं जातं आणि वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. त्यामुळे कोकणातल्या बाकी नद्या मार्चनंतर गोट्यांवर येतात, पण वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती राहते. इंदापूरच्या माणसाला हे पाणी समुद्रात चाललेलं बघवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्याच पाण्याची वीज आमच्या विहिरींवरच्या मोटारी फिरवते, तेव्हा बोलायला तोंड नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. बाजारपेठेत पहिला मजला पाण्याखाली गेला. डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस, नदीत साठलेला गाळ आणि समुद्राला भरती. कोयना प्रकल्पातल्या कोळकेवाडी धरणाच्या विसर्गानं पाणी वाढलं की नाही यावर अजून वाद होतो. त्या पुरात नाक्यावरचा जुना पूल खचला. नंतर नदीतला गाळ काढावा म्हणून गावकरी उपोषणाला बसले आणि गाळ निघू लागला. नव्याचं कौतुक करावं म्हटलं तर १६ ऑक्टोबर २०२३ ला याच नाक्याच्या उड्डाणपुलाचं बांधकाम चालू असतानाच गर्डर कोसळले. जीवितहानी झाली नाही हे नशीब. जुन्या पुलांची आयुष्यं मोजताना नव्यांची सुरुवातही मोजायला हवी, असं तिथल्या एका दुकानदाराचं म्हणणं, आणि ते मला पटलं. दुकानाच्या भिंतीवर त्यानं पुराची खूण तांबड्या रंगानं करून ठेवली आहे. छताच्या पंख्याच्या पातीएवढी उंच.

संगमेश्वरात शास्त्री नदी. सोनवी तिला इथंच मिळते. कसब्यात कर्णेश्वराचं मंदिर आहे, आणि १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजीराजे पकडले गेले ते याच गावी. या परिसरात मुख्य रस्ता सोडून आत गेलो तेव्हा पुलाचा मूळ पुरुष भेटला: साकव. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, पोफळीचे दोन-तीन सोट आडवे टाकायचे, वर काटक्या, एका बाजूला धरायला बांबू. मी पाहिलेला तसा होता; बहुतेक ठिकाणी आता सिमेंटचे झाले, तरी नाव साकवच. दरवर्षी पावसाआधी वाडीतली माणसं जमून सोट तपासतात, कुजलेला काढतात, नवा घालतात. वाडीतल्या आजींना विचारलं, "काकू, पडलं नाही का कुणी?" त्या म्हणाल्या, "पडतील कशाला? दरसाल बघतो मां आम्ही." दरसाल बघणं हे त्या पोफळीच्या सोटाला मिळतं, मोठ्या पुलाला मिळेलच असं नाही.

बावनदी, मग लांज्याअलीकडे काजळी नदीवरचा अंजणारीचा पूल. सप्टेंबर २०२२ मध्ये इथं गॅसचा टँकर पुलावरून नदीत कोसळला आणि महामार्ग दिवसभराहून जास्त बंद राहिला. कोकणाची उत्तर-दक्षिण दळणवळणाची दोरी किती बारीक आहे ते अशा वेळी कळतं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तिला सुमारे दोन हजार लहानमोठे पूल घालावे लागले. यावरून या भूमीत सरळ चालणं किती अवघड आहे याची कल्पना यावी.

राजापूर उतारावरचं गाव आहे; आधी महामार्ग लागतो आणि बाजारपेठ खाली अर्जुना-कोदवलीच्या काठी. पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी येतं, ही बातमी दरवर्षीची. इथं इंग्रजांची वखार होती. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात इथल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवून स्वतः तोफा डागल्या. पुढच्या साली शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं, वखार खणून काढली, इंग्रजांना कैदेत टाकलं. समुद्रातून जहाज थेट या गावाच्या पोटात येत असे, म्हणून तर वखार इथं. आज त्या पात्रात गाळ आणि गोटे आहेत. खारेपाटणचं तसंच. शिलाहार राजा रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट जिथं सापडला, ते एकेकाळचं बंदर आता हायवेवरचा थांबा आहे.

कणकवलीत जानवली आणि गड या दोन नद्या जवळजवळ आहेत. पुढं कुडाळ, बांदा, तेरेखोल नदी आणि पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या ती ही हद्द. आज तिथं वाहनं फक्त मद्य तपासणीसाठी थांबतात.

पणजीत मांडवीवर तीन पूल शेजारी शेजारी आहेत. पण माझं लक्ष होतं ते पणजीहून रायबंदरला जाणाऱ्या रस्त्याकडे. लिन्हारेसचा काउंट असलेल्या व्हाइसरॉयनं १६३३-३४ मध्ये बांधलेला हा जांभ्या दगडाचा कमानींचा पूल तीन किलोमीटरहून जास्त लांब आहे. बांधला तेव्हा आशियातल्या सर्वांत लांब पुलांत त्याची गणना होती. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला कांदळवन आणि मिठागरं. शिवाजी महाराजांच्या जन्मानंतर तीन-चार वर्षांनी बांधलेल्या या पुलावरून आजही मोटारी आणि बसगाड्या जातात. आपण पुलावर आहोत हे बहुतेकांना कळतही नाही, इतका तो बुटका.

हा टिकला आणि सावित्रीचा गेला, याला चमत्काराची गरज नाही. लिन्हारेसचा पूल नदीला आडवा नाही. तो नदीच्या बाजूनं, दलदलीवरून जातो. भरतीचं पाणी त्याच्या लहान कमानींतून सावकाश आत जातं, ओहोटीला सावकाश बाहेर येतं. डोंगराचा लोंढा त्याच्या वाट्याला आलाच नाही. आणि जांभा त्याच मातीतला, त्याच दमट हवेत मुरलेला.

पणजीत मांडवीला आडवा पूल बांधायची पाळी आली ती गोवा मुक्तीनंतर. मांडवीवरचा नेहरू पूल जेमतेम दीड दशक टिकला. खाऱ्या हवेनं आतल्या पोलादी तारा गंजल्या आणि ५ जुलै १९८६ ला तो कोसळला. पणजीच्या पाटो भागात बाकावर शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षकांनी तो काळ सांगितला. सगळा गोवा पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभा राहिला, आणि नवा पूल १९९२ मध्ये उघडेपर्यंत पलीकडे बेतीला जायचं म्हणजे अर्धा दिवस काढून ठेवायचा. "वाईट एवढंच," ते म्हणाले, "फेरीबोटवाले तोवर दुसऱ्या कामाला लागले होते. त्यांना शोधून परत आणावं लागलं."